विश्लेषण : डबल चिन, बसकी हनुवटी की रुंद जबडा? इंजेक्शन निवडण्याआधी काय तपासावे?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि शहरांतील स्किन क्लिनिकांच्या जाहिरातींचा सूर बदलतो. ‘ब्रायडल ग्लो’च्या जोडीला आता ‘जॉ-लाइन पॅकेज’ असते. नवरीसाठी वेगळे, नवरदेवासाठी वेगळे. मोबाइलच्या पडद्यावर डावीकडे ‘आधी’चा चेहरा, उजवीकडे ‘नंतर’चा. मधल्या काळात नेमके काय टोचले, हे मात्र बहुतेक वेळा लिहिलेले नसते.

वास्तविक ‘जॉ-लाइनचे इंजेक्शन’ अशी एकच एक गोष्ट नाही. चरबीच्या पेशी मारणारे, त्वचेखाली भर घालणारे आणि स्नायू सैल करणारे, अशी तीन अगदी वेगळी इंजेक्शने या एका नावाखाली विकली जातात. त्यांतील एकाचा परिणाम बहुतांशी औषध देऊन उतरवता येतो, दुसऱ्याचा काही महिन्यांत आपोआप ओसरतो आणि तिसऱ्याचा कायम राहतो. त्यामुळे ‘कोणते चांगले’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. हनुवटीखाली जे दिसते आहे ते कशामुळे, हे आधी कळले पाहिजे. नाहीतर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत होते. आणि इथे पखाल म्हणजे स्वतःचा चेहरा असतो.

आरशात दिसते ते नेमके काय असते?

हनुवटीची आणि जबड्याची रेषा पुसट दिसण्यामागे चार मुख्य कारणे असतात. पहिले, हनुवटीखाली साठलेली चरबी. ती वजन वाढल्याने येते, पण अनेक घरांत सडपातळ माणसांनाही ती असते. आई किंवा वडिलांचा जुना फोटो काढून पाहिला तर उत्तर मिळते. दुसरे कारण हाडाचे. खालचा जबडा किंवा हनुवटी जन्मतः मागे असेल, तर हनुवटी आणि मान यांच्यातील कोन उघडा राहतो. अशा माणसाच्या हनुवटीखाली चरबी फारशी नसतानाही ‘डबल चिन’ दिसते. तिसरे, चावण्याचा स्नायू. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून दात घट्ट आवळले की जो गोळा वर येतो तो मॅसेटर. तो जाड झाला की चेहऱ्याचा खालचा भाग चौकोनी दिसतो. चौथे, सैल पडलेली त्वचा. वयाने किंवा झपाट्याने वजन उतरल्याने ती येते.

या चारांपैकी पहिल्या तिघांवर एकेक इंजेक्शन आहे. चौथ्यावर तिघांतील एकाचाही खात्रीचा उपयोग नाही. गंमत अशी, की जाहिरातीतले पॅकेज बहुधा चौघांसाठी सारखेच असते.

शिवाय पाचवी शक्यता असते आणि ती सौंदर्याची नसतेच. हनुवटीखाली किंवा जबड्याच्या कडेखाली एका बाजूलाच गोळा लागत असेल, तो टणक असेल, दुखत असेल किंवा थोड्या दिवसांत वाढला असेल, तर ती लाळग्रंथीची किंवा लसिकाग्रंथीची सूज असू शकते. मानेच्या पुढच्या भागातील फुगवटा थायरॉइडचा असू शकतो. मागे असलेल्या जबड्याबरोबर जोरात घोरणे आणि दिवसभर पेंग येणे असेल, तर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार तपासायला हवा. लहान खालचा जबडा हे त्याचे एक माहीत असलेले कारण आहे. या माणसाला सिरिंजच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाची गरज आहे.

सेल्फीवर किती विश्वास ठेवावा?

हल्ली ही तक्रार आरशातून कमी आणि फोनमधून जास्त येते. फोनचा पुढचा कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असतो. जवळच्या वस्तू मोठ्या आणि थोड्याही मागच्या वस्तू लहान दिसतात, हा साधा भूमितीचा नियम आहे. सुमारे १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा पाया पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतो, असे अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये गणिती प्रारूप मांडून दाखवले होते. नाक मोठे दिसले की त्याच्या तुलनेत हनुवटी आणि जबडा लहान वाटतात. व्हिडीओ कॉलला फोन टेबलावर टेकवला की कॅमेरा खालून वर पाहतो आणि मान खाली झुकते. या अवस्थेत डबल चिन कोणालाही दिसते.

म्हणून पहिली तपासणी फुकटात होते. दुसऱ्या कोणाला पाच-सहा फुटांवर उभे करून, कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर धरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्यावेत. नजर सरळ, फिल्टर बंद. नंतर हनुवटीखालची जागा चिमटीत धरावी आणि मानेचे स्नायू ताणावेत. चिमटीतला भाग तसाच राहिला, तर चरबी त्वचेखालच्या थरात आहे. ताण दिल्यावर चिमटीत फारसे काही उरलेच नाही, तर ती मानेच्या पातळ स्नायूच्या आत आहे आणि चरबीचे इंजेक्शन तिथवर द्यायचे नसते. हे निदान नव्हे. पण क्लिनिकमध्ये जाताना काय विचारायचे, हे त्यातून कळते.

चरबी विरघळवणारे इंजेक्शन कसे काम करते?

यातील प्रमुख औषध म्हणजे डीऑक्सिकोलिक अॅसिड. आपल्या पित्तात हा पदार्थ असतो आणि आतड्यात तो खाल्लेल्या चरबीचे पचन सोपे करतो. तोच प्रयोगशाळेत तयार करून त्वचेखालच्या चरबीत टोचला की चरबीच्या पेशींचे आवरण फुटते आणि त्या मरतात. मेलेल्या पेशी शरीर हळूहळू साफ करते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे तिथल्या एफडीएने, एप्रिल २०१५ मध्ये ‘कायबेला’ या नावाने त्याला मान्यता दिली. ती हनुवटीखालच्या मध्यम ते जास्त चरबीसाठी आहे. जबड्याच्या कडेवरच्या, गालाच्या किंवा दंडाच्या चरबीसाठी नाही.

‘विरघळवणारे’ या शब्दामुळे साखर पाण्यात विरघळावी तसे काहीतरी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ती मुद्दाम केलेली रासायनिक इजा असते आणि शरीर तिला इजेसारखाच प्रतिसाद देते. मान्य पद्धतीत हनुवटीखाली एक-एक सेंटिमीटरच्या अंतराने ठिपक्यांची जाळी आखतात आणि प्रत्येक ठिपक्यावर ०.२ मिली औषध देतात. एका बैठकीत जास्तीत जास्त ५० टोचण्या आणि १० मिली. दोन बैठकींत किमान एक महिना, आणि एकूण सहापर्यंत बैठकी. मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत ५९ टक्के लोकांना सहाच्या सहा बैठकी घ्याव्या लागल्या होत्या. ‘एका सीटिंगमध्ये डबल चिन गायब’ या जाहिरातीशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

त्याच चाचण्यांत ८७ टक्के लोकांना सूज आली, ७२ टक्के लोकांना काळेनिळे डाग पडले, ७० टक्के लोकांना दुखले आणि ६६ टक्के लोकांना त्या जागी बधिरपणा आला. सूज हा इथे दुष्परिणाम कमी आणि नियम जास्त आहे. पहिले काही दिवस हनुवटीखाली बेडकासारखा फुगवटा दिसतो. तो उतरायला एक-दोन आठवडे आणि काहींना त्याहून जास्त लागतात. ऑफिसात सांगायला काहीतरी कारण शोधून ठेवावे लागते.

खरी काळजी दोन गोष्टींची. खालच्या ओठाचा कोपरा खाली ओढणाऱ्या स्नायूंना चालवणारी एक बारीक नस जबड्याच्या कडेलगत जाते. औषध तिच्याजवळ गेले तर हसू एका बाजूला वाकडे होते. चाचण्यांत चार टक्के लोकांना हे झाले. ते सर्व आपोआप बरे झाले, पण मधल्या अंकाने ४४ दिवस लागले आणि सर्वांत उशिरा बरे व्हायला २९८ दिवस. दोन टक्के लोकांना काही काळ गिळायला त्रास झाला. दुसरी गोष्ट त्वचेची. औषध फार वर, त्वचेतच दिले गेले तर तिथे जखम होऊन त्वचा मरू शकते. पुरुषांनी आणखी एक लक्षात ठेवावे : टोचलेल्या जागी दाढीचे केस गळण्याच्या नोंदी आहेत आणि औषधाच्या माहितीपत्रकात त्याचा इशारा आहे. जबड्याची रेषा दाढीने झाकणाऱ्या तरुणाला चरबी गेली आणि दाढीत टक्कल पडले, हा व्यवहार परवडेल का, हे त्याचे त्याने ठरवावे.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, ही या इंजेक्शनची जमेची बाजू म्हणून सांगतात. ती खरीच आहे. पण कायमस्वरूपी म्हणजे चुकले तरी कायमस्वरूपी. जास्त चरबी गेली किंवा एका बाजूची जास्त गेली, तर ती परत आणणारे औषध नाही. आणि वजन पुन्हा वाढले तर उरलेल्या पेशी फुगतातच.

फिलरने काय होते, काय होत नाही?

फिलर म्हणजे भर. सर्वांत जास्त वापर हायल्युरोनिक अॅसिडच्या जेलचा होतो. हा पदार्थ त्वचेत आणि सांध्यांत मुळातच असतो. त्याचे धागे एकमेकांत गुंफून घट्ट जेल केले की ते महिनोन्‌महिने टिकते. हनुवटीसाठी ते बहुधा थेट हाडाला लागून देतात, म्हणजे हाडच थोडे पुढे आल्यासारखे दिसते. अमेरिकेत ‘जुविडर्म व्होल्यूमा’ला हनुवटीसाठी २०२० मध्ये, ‘रेस्टिलेन डिफाइन’ला २०२१ मध्ये आणि ‘जुविडर्म व्होलक्स’ला जबड्याच्या रेषेसाठी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम साधारण वर्षभर टिकतो. ही जेल वयाची २१ वर्षे उलटलेल्यांसाठी मान्य आहेत; अकरावी-बारावीच्या मुलाला ‘शार्प जॉ’साठी फिलर देणे त्या चौकटीत बसत नाही. त्याचा जबडा अजून वाढायचा असतो.

इथे मोठी गल्लत होते ती अशी. मागे असलेल्या हनुवटीच्या माणसाला डबल चिन दिसते, तो चरबीचे इंजेक्शन मागतो, आणि पाच-सहा महिने सूज सोसूनही बाजूने काढलेला फोटो जवळपास तसाच राहतो. अशा चेहऱ्यात हनुवटीला एक-दोन मिली भर दिली, तर मानेचा कोन लगेच दिसू लागतो. एक मिली म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. उलट गोल, भरलेल्या चेहऱ्याला रेषा यावी म्हणून जबड्याभोवती सिरिंजमागून सिरिंज देत गेले, तर जड चेहरा आणखी जड होतो. सैल त्वचा ‘भरून’ ताणण्याचा प्रयत्नही तिथेच नेतो. फिलर चरबी काढत नाही, झाकतो. आणि झाकायलाही मर्यादा असते.

हायल्युरोनिक अॅसिडचा मोठा फायदा म्हणजे माघार घेता येते. हायल्युरोनिडेज हे विकर टोचले की जेल काही तासांत ते दिवसांत विरघळू लागते. कॅल्शियम हायड्रॉक्सिलअपेटाइटच्या फिलरला, उदाहरणार्थ ‘रेडिएस’ला, असे उतारा देणारे औषध नाही. क्लिनिकमध्ये दोन्हींना ‘फिलर’च म्हणतात. म्हणून नाव विचारणे हा आगाऊपणा नाही.

उतारा केवळ आकार न आवडल्यास लागतो असे नाही. दात आवळून मॅसेटरच्या पुढच्या कडेशी, जबड्याच्या हाडावर हलके बोट ठेवले तर नाडीचा ठोका लागतो. ती चेहऱ्याची मुख्य धमनी. जबड्याच्या रेषेचे काम करणारी सुई तिच्या आसपासच फिरत असते. जेल धमनीत गेले किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला, तर पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा पांढरी पडणे, मग जाळीदार निळसर होणे, नेहमीपेक्षा खूप जास्त दुखणे ही त्याची खूण आहे. त्या वेळी हायल्युरोनिडेज लगेच आणि भरपूर द्यावे लागते. फिलरमुळे दृष्टी गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. त्या दुर्मीळ आहेत आणि नाक व कपाळाच्या भागात जास्त घडतात, पण चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. ‘हायल्युरोनिडेज आत्ता तुमच्या फ्रिजमध्ये आहे का?’ हा एकच प्रश्न क्लिनिकबद्दल भिंतीवरच्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त सांगून जातो.

बोटॉक्स जबड्यात कशासाठी?

बोट्युलिनम टॉक्सिन नसेकडून स्नायूला जाणारा संदेश काही महिने अडवते. मॅसेटरमध्ये दिले की तो स्नायू कमी काम करतो आणि न वापरल्याने बारीक होतो. म्हणून परिणाम लगेच दिसत नाही. सैलपणा दोन आठवड्यांत जाणवतो, पण चेहरा निमुळता दिसायला दीड-दोन महिने लागतात आणि साधारण चार ते सहा महिन्यांत सगळे मूळपदावर येऊ लागते. अमेरिकेत मॅसेटर बारीक करण्याचा हा वापर मान्य यादीबाहेरचा, म्हणजे ऑफ-लेबल आहे. याच औषधाला तिथे कपाळावरच्या भुवयांमधील आठ्यांसाठी २००२ मध्ये आणि मानेवरच्या उभ्या पट्ट्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ऑफ-लेबल म्हणजे बेकायदा नव्हे. पण ते रुग्णाला सांगायला हवे.

मॅसेटर जाड का झाला, हेही पाहायला हवे. रात्री झोपेत दात खाण्याची सवय हे एक कारण. सतत सुपारी चघळणे हे दुसरे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सवय किती सुटली हे कोणत्याही पानटपरीपाशी दिसते. सुपारी खाणाऱ्याला तोंड पूर्ण उघडता येत नसेल, तिखट झोंबत असेल, तर ते कर्करोगापूर्वीच्या अवस्थेचे लक्षण असू शकते. त्याने बोटॉक्सच्या आधी दंतवैद्याकडे जावे. दुसरीकडे ‘लुक्समॅक्सिंग’च्या रील पाहून मुलगे हाच स्नायू वाढावा म्हणून टणक गम तासन्‌तास चघळत आहेत. एकाच इमारतीत एक जण तो वाढवतो आहे आणि दुसरी पैसे देऊन तो कमी करते आहे.

डोस चुकला किंवा जागा चुकली तर हसू वाकडे होते, चावताना लवकर थकवा येतो, किंवा स्नायूचा एक भाग सुटून दात आवळल्यावर वेगळाच फुगवटा दिसतो. चाळिशीपुढे, त्वचा सैल असताना स्नायूचा आधार काढून घेतला तर जबड्यावरची त्वचा आणखी ओघळलेली दिसू शकते. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा नस-स्नायूंचा विकार असलेल्यांना हे औषध धोक्याचे ठरू शकते. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना तिन्ही इंजेक्शने टाळण्याचाच सल्ला दिला जातो.

मग निवड कशी करावी?

समजा, ठाण्यातील २८ वर्षांचा एक तरुण आहे. वजन बेताचे, पण हनुवटी मागे. त्याला चरबीच्या इंजेक्शनची गरज नाही. दातांची ठेवण पाहून हाडाचा प्रश्न किती आहे हे आधी ठरवावे. मोठा असेल तर दात सरळ करणे किंवा जबड्याची शस्त्रक्रिया हा खरा उपाय. किरकोळ असेल तर हायल्युरोनिक अॅसिडची एखादी सिरिंज देऊन पाहता येते. आवडले नाही तर उतरवता येते.

समजा, पुण्यातील ३५ वर्षांची एक स्त्री वजन कमी करते आहे. ‘मौंजारो’ आणि ‘वेगोवी’ ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आल्यापासून असा प्रवास करणारे वाढले आहेत. वजन उतरत असताना हनुवटीखालची चरबीही आपोआप कमी होते आणि चेहरा ओसरतो. अशा वेळी चरबी मारणारे कायमचे इंजेक्शन घेणे म्हणजे पाणी ओसरत असताना पंप लावणे. वजन काही महिने स्थिर राहू द्यावे, मग उरलेले पाहावे. उरलेली जर सैल त्वचा असेल, तर इंजेक्शनचा नादच सोडावा.

आणि समजा, पन्नाशीतल्या कोणाला जबड्याच्या कडेवर ओघळ दिसतो. तिन्ही इंजेक्शनांची बेरीज करूनही तो उचलला जात नाही. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून लोक सिरिंजकडे वळतात आणि दोन-तीन वर्षांत तेवढाच पैसा सिरिंजवर घालवतात.

एकाहून अधिक कारणे असतील, तर क्रम महत्त्वाचा. जे परत फिरवता येते ते आधी, जे कायमचे ते शेवटी. मध्ये पुरेसा वेळ. एकाच दिवशी तिन्ही देणारे ‘कॉम्बो’ सवलतीत मिळत असले, तरी त्यात काही बिघडले तर कशाने बिघडले हे शोधता येत नाही. यंत्र दुरुस्त करणारा साधा मेकॅनिकही एका वेळी एकच स्क्रू फिरवतो.

कोण टोचते आणि बाटलीत काय असते?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपण आणि सौंदर्य उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून हे उपचार सुरू करणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. हे सांगावे लागले, यातच परिस्थिती आली. ब्युटी पार्लर, सलून किंवा कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये ‘बाहेरून आलेले डॉक्टर’ टोचणार असतील, तर उठून यावे. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का, नोंदणी क्रमांक काय, हे विचारून राज्य वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येते.

बाटलीचा प्रश्न तेवढाच मोठा. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये बनावट किंवा चुकीच्या पद्धतीने दिलेल्या बोट्युलिनम इंजेक्शनांनंतर ११ राज्यांतील २२ जणांना त्रास झाल्याचे तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने जाहीर केले होते. चरबी विरघळवण्याच्या नावाखाली मान्यता नसलेली मिश्रणे इंटरनेटवर विकली जातात, याबाबत तिथल्या एफडीएने अनेकदा सावध केले आहे. सुईविना दाबाने फिलर घुसवणाऱ्या ‘हायल्युरॉन पेन’विरुद्धही ऑक्टोबर २०२१ मध्ये इशारा दिला गेला. ही पेने ऑनलाइन मागवून घरी वापरणारे आपल्याकडेही आहेत.

म्हणून खोके आपल्यासमोर उघडायला सांगावे. नाव, बॅच क्रमांक, मुदत, आयातदाराचा शिक्का यांचा फोटो घ्यावा. बॅचचे स्टिकर आपल्या फाइलला चिकटवून मागावे. बोटॉक्सच्या बाबतीत ‘किती सिरिंज’ नाही, तर ‘किती युनिट’ विचारावे. हे औषध कोरड्या पुडीच्या रूपात येते आणि सलाइनमध्ये कालवले जाते. जास्त पाणी घातले की सिरिंज भरलेली दिसते, औषध मात्र तेवढेच किंवा कमी. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांचे युनिट सारखे नसतात. एका ब्रँडची ३० युनिट म्हणजे दुसऱ्याची ३० नव्हेत, त्यामुळे दोन क्लिनिकांच्या दरांची थेट तुलना फसवी ठरते.

खर्चाचे गणित काय?

समजा, फिलरच्या एका मिलीला २५ हजार रुपये पडतात. हनुवटी आणि जबड्याच्या दोन्ही बाजू मिळून चार सिरिंज लागल्या, तर एक लाख. सौंदर्यासाठीच्या उपचारांना आरोग्यसेवेची जीएसटी सवलत नाही, त्यामुळे वर १८ हजार. वर्षभराने पुन्हा तोच प्रश्न. बोटॉक्स एका वेळी स्वस्त वाटते, पण वर्षातून दोन-तीनदा घ्यावे लागते. चरबीचे इंजेक्शन बैठकीवर मोजले जाते आणि बैठकी किती लागतील हे आधी कोणी लिहून देत नाही. आरोग्य विम्यात कॉस्मेटिक उपचार वगळलेले असतात. गुंतागुंत झाली तर तिच्या खर्चावरही विमा कंपनीशी वाद होऊ शकतो. ‘आज बुक केल्यास ४० टक्के सूट’ आणि बिनव्याजी हप्ते ही कपाटाच्या खरेदीची भाषा आहे. पहिल्या भेटीतच सुई हातात घेण्याची घाई करणाऱ्या ठिकाणी दुसरी भेट टाळलेली बरी.

लग्न सहा आठवड्यांवर असेल तर?

चरबीचे इंजेक्शन या मुदतीत बसत नाही. एका बैठकीचा परिणाम दिसायला महिना-दीड महिना जातो आणि तोवर दुसरीची सूज हळदीच्या फोटोत येते. मॅसेटरचे बोटॉक्सही उशिरा पोहोचते. ते तीन महिने आधी घ्यायचे असते. हनुवटीचे फिलर तेवढे वेळेत बसू शकते, कारण सूज आणि डाग बहुधा दोन आठवड्यांत उतरतात आणि दुरुस्तीला थोडे दिवस उरतात. दातांचे काम बाकी असेल तर त्यात आणि फिलरमध्ये दोन आठवडे अंतर ठेवावे. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

आठवडाच उरला असेल तर फोटोग्राफरला कॅमेरा डोळ्यांच्या रेषेपेक्षा किंचित वर धरायला सांगावे आणि फोटोच्या वेळी मान थोडी पुढे काढून हनुवटी जराशी खाली घ्यावी. त्याला जीएसटी लागत नाही.